दुसऱ्या हाताची तुरपाई

पँट धुवायला टाकायच्या आधी ती उलटी करायची, खिसे झटकायचे, शिवण कुठे सुटलीय का ते बघायचं, ही माझी जुनी सवय. त्या रविवारी सकाळी ह्यांची नवी राखाडी पँट उलटी केली आणि माझा हात थबकला. खालच्या दुमडीची तुरपाई माझी नव्हती.

"अहो," मी हाक मारली.

"काय गं?" आतून आवाज आला. हे दाढी करत होते. गेले काही आठवडे रविवारीसुद्धा दाढी होत होती, आणि तीही माझ्या नजरेतून सुटली नव्हती.

"ही पँट तुम्ही तयार घेतलीत ना?"

"हो. सांगितलं होतं की तुला."

"आणि बसली? अशीच्या अशी?"

आत नळ सुटला. नळाच्या आवाजातून "बसली, बसली" असं काहीतरी ऐकू आलं.

झालं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हाच. आमच्या ह्यांना तयार पँट अशीच्या अशी बसते, यावर गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा विश्वास ठेवणार नाही.

हे उंचीनं कमी आहेत. कमी म्हणजे किती, तर माझ्या कानाशी लागतात. त्यात मी वाढले ताडमाड. गल्लीत आम्हा दोघांना 'शिडी आणि स्टूल' म्हणतात, आणि फक्त आमच्या पाठीमागे म्हणतात असं समजण्याइतकी मी काही भोळी नाही, तोंडावरही म्हणतात. आमची पहिली भेट मावशीच्या घरी झाली तेव्हा हे खुर्चीवर बसलेले होते. मी आले तेव्हा बसलेले, चहा झाला तेव्हा बसलेले, मी निघाले तरी बसलेलेच. माणूस शांत आहे, बोलताना समोरच्याकडे बघतो, एवढं मला आवडलं आणि मी हो म्हटलं. हे उभे राहिलेले मी पाहिले ते सगळं ठरल्यावर. आई म्हणाली, "उंची काय चाटायचीय?" आणि खरंच, इतक्या वर्षांत मला ती कधी चाटायची वेळ आली नाही.

पण कपड्यांचा प्रश्न होताच. माझे वडील शिंपी. मी घरी बाहेरच्या खोलीत मशीन टाकून लोकांचे कपडे घट्ट-सैल, लांब-आखूड करून देते. ह्यांच्या अंगावरचा प्रत्येक कपडा लग्नापासून माझ्या हाताखालून गेलेला. वडिलांनी दोन गोष्टी शिकवल्या, त्या मी सोडल्या नाहीत. एक, जुन्या कपड्यावरून माप घ्यायचं नाही, दर वेळी माणसावरूनच घ्यायचं. दुसरी, आकडा मोठ्यानं म्हणायचा. तोंडातून निघाला की डोक्यात बसतो, नाहीतर खडू हातात घेईपर्यंत विसरतो. त्यामुळे आमच्या खोलीत कपडे न्यायला आलेल्या बायकांना कुणाची कंबर किती हे पाठ असतं. आणखी एक माझी स्वतःची पद्धत आहे. पँटचं माप घ्यायला मी गुडघे टेकत नाही. मला वाकणं जमत नाही आणि आवडतही नाही. टेपचं टोक जमिनीवर माझ्याच पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरायचं, टेप कमरेपर्यंत न्यायची आणि तिथे आकडा वाचायचा. त्यातून जमिनीपासूनची बोटं वजा करायची की झालं.

तर अशी माझ्या हातची पँट ह्यांच्या बुटांवर कायम गोळा व्हायची. त्यावरून मी ह्यांनाच बोलायची. "पाय ओढत चालता तुम्ही. पट्टा पोटाखाली सरकतो, वर ओढा की जरा." हे वर ओढायचे. शर्टही मी सैलच ठेवायची, खाली लांब. झाकलेलं बरं, असं माझं मत. लेक लहान असताना एकदा म्हणाली होती, "आई, बाबांना तू वाढत्या अंगाचे कपडे का शिवतेस?" तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो. हे जरा कमी हसले असतील, आता आठवत नाही.

ती राखाडी पँट मी खिडकीपाशी उजेडात नेली. मी उजव्या हातानं तुरपते, माझे टाके एका अंगाला कलतात. हे टाके बरोबर उलट्या अंगाला कललेले. म्हणजे डावखुरा हात. शिवाय टाके इतके बारीक, इतके सारखे, की आधी मला राग आला आणि मग भीती वाटली. दुकानदार लोक मशीनवर टीप मारून मोकळे होतात. हातात सुई घेऊन एवढ्या निगुतीनं कोण बसतं? ज्याचा जीव जडलेला असतो, तो बसतो. मी आजवर फक्त घरच्यांच्याच कपड्यांना हातानं तुरपाई केली आहे.

मी काही बोलले नाही. संशय आल्याबरोबर जी बाई तोंड उघडते, तिला पुढे काही कळत नाही. मी पँट भिजत घातली आणि डोळे उघडे ठेवले.

डोळे उघडे ठेवल्यावर काय काय दिसायला लागलं! मोठ्या चौकड्यांचे शर्ट, जे मी हौसेनं घेतले होते, ते कपाटात मागे गेले. त्यांच्या जागी बारीक उभ्या रेघांचा एक शर्ट आला, मग एक गडद निळा. त्यांची लांबी कमरेच्या खाली जेमतेम, खांद्याची शिवण अगदी खांद्यावर. रुंद पट्टा जाऊन अरुंद आला, तोही पँटच्याच रंगाचा. बूटही त्याच रंगाचे. एक दिवस निळा शर्ट, निळी पँट, निळसर मोजे असे हे दारातून बाहेर पडले आणि मी पाठमोरी आकृती बघत राहिले. धंदा माझाच, मला कळत होतं काय केलंय ते. वरपासून खालपर्यंत एकच रंग, नजर मध्ये कुठे अडत नाही, माणूस एकसंध दिसतो. हे नेहमीपेक्षा उंच दिसत होते. चांगले दिसत होते. कुणासाठी पण?

समोरच्या घरातली बाई रोज दुपारी आमच्या खोलीत येऊन बसते. तिला गल्लीत सगळे 'बातम्या' म्हणतात. ती म्हणाली, "काय गं, तुझे मिस्टर एकदम हिरो झालेत की! मी ओळखलंच नाही."

"ऑफिसात काहीतरी कार्यक्रम असेल," मी म्हटलं.

"रोज?" ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवल्यासारखे डोळे बारीक केले. "मी बाई काही बोलत नाही. पण माझ्या नणंदेच्या नवऱ्यानं असाच अचानक केसांना कलप लावायला सुरुवात केली होती."

"मग?"

"मग काय? मी बोलत नाही म्हटलं ना."

रात्रीचं जेवण झाल्यावर लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या गावात असते, नोकरी करते. ती हसतच सुटली. "आई, बाबा? आपले बाबा? अगं ते दुकानदाराला सुटे पैसे मागतानासुद्धा लाजतात."

"लाजणारेच आतल्या गाठीचे असतात."

"तुझं आपलं काहीतरीच! विचार ना सरळ त्यांना."

सरळ विचारायचं मला सुचत नव्हतं अशातला भाग नाही. मला उत्तराची भीती वाटत होती. ते मी लेकीला कसं सांगणार? मशीनवर बसले की पाय आपोआप चालायचे आणि मनात दुसरंच चालू असायचं. डावखुरी बाई कोण? भाजीवाली उजव्या हातानं तोलते. लेकीची जुनी बाई, शिकवणीवाली, ती होती डावखुरी, पण ती आता आजी झाली. राहिलं ऑफिस.

हे पाणीखात्याच्या ऑफिसात आहेत. तक्रार खिडकीवर बसायचे. पाणी येत नाही, गढूळ येतं, बिल जास्त आलं, असं लोक काचेच्या भोकातून सांगायचे आणि हे आतून उत्तर द्यायचे. इतकी वर्षं लोकांनी ह्यांचं डोकं आणि खांदे तेवढे पाहिले. मध्यंतरी एकदा जेवताना हे म्हणाले होते, "आमच्या खिडक्या काढल्या. नवा हॉल केलाय. आता बाहेर लोकांत उभं राहून बोलायचं." मी एका कोटाच्या अस्तराच्या विचारात होते. "बरं झालं, पाय मोकळे होतील," असं काहीतरी म्हणाले होते.

बुधवारी सकाळी मी एक उद्योग केला. ह्यांचा डबा भरला आणि मशीनच्या खाली कापडाआड सरकवून ठेवला. हे शोधून शोधून दमले आणि तसेच गेले. दुपारी मी डबा घेऊन ऑफिसात हजर. विसरलेला डबा पोहोचवायला आलेल्या बायकोला कोण काय म्हणणार?

हॉल लखलखीत होता. खिडक्या नाहीत, काच नाही. मधोमध लोक उभे आणि लोकांच्या मध्ये आमचे हे. निळा शर्ट, निळी पँट, हातात काही नाही. एका म्हाताऱ्याला कोपरापाशी धरून एका टेबलाकडे नेत होते, एका बाईला काहीतरी समजावत होते. पँट बुटावर अलगद टेकलेली, एकही चुणी नाही. मी खांबाआड उभी राहून बघत होते. हा माणूस माझ्या घरात राहतो आणि मी ह्याला असा कधी पाहिला नाही, असं वाटलं. मग मी भानावर आले आणि टेबलांमागच्या बायकांचे हात तपासायला लागले. उजवी, उजवी, उजवी. एक पोरगी डाव्या हातानं लिहीत होती. पण ती आमच्या लेकीहून लहान, आणि तिच्या स्वतःच्या बाहीचं बटण दोऱ्यावर लोंबत होतं. ही कसली तुरपाई करतेय!

तेवढ्यात ह्यांनी मला पाहिलं आणि दचकलेच. एकदम ताठ झाले. खांदे वर, हनुवटी वर.

"तू? इथे?"

"डबा विसरलात."

"अगं, कुठे होता?"

"होता," मी म्हटलं. "माणसाचं लक्ष घरात नसलं की वस्तू सापडत नाहीत."

दचकले कशाला? बायकोला बघून सरळ माणूस दचकतो का? परत येताना मी तेच घोकत होते. त्या संध्याकाळी मला राहवलं नाही. हे कपडे बदलून बाहेर आले तशी ती राखाडी पँट मी त्यांच्यासमोर धरली, उलटी.

"ही कुणी शिवली?"

हे खाली बसले. "ऑफिसच्या मागे एक दुकान आहे."

"तयार घेतली म्हणालात."

"तिथेच घेतली. मग त्यांनी आखूड करून दिली."

"त्यांनी म्हणजे कुणी?"

"आहेत एक."

"बाई की बुवा?"

ह्यांनी तांब्यातलं पाणी ओतून घेतलं आणि सावकाश प्यायले. "कमी उंचीच्या माणसांचे कपडे करतात त्या. चांगले करतात."

त्या! मी पँट मांडीवर ठेवली. "आणि माझ्या हाताला काय झालं? झडला का?"

"तसं नाही गं. तुला किती काम असतं. उगीच त्रास कशाला, म्हणून."

"इतकी वर्षं नाही झाला तो त्रास?"

हे पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसून राहिले. ह्यांचं गप्प बसणं मला नवीन नाही, पण त्या दिवशीचं ते गप्प बसणं माझ्या अंगावर आलं. कपड्यांचं काय, कपडे जातील-येतील. पण ह्या घरात माझ्या हाताशिवाय ह्यांचं अडतं, याच्यावर मी आजवर उभी होते. ते अडेनासं झालं तर मी कोण?

शनिवारी हे म्हणाले, "आज जरा उशीर होईल." मी "बरं" म्हटलं आणि ह्यांच्या ऑफिस सुटायच्या वेळेला मीही पायात चपला घातल्या.

ऑफिसच्या मागे अरुंद गल्ली. चपला दुरुस्त करणाऱ्याची टपरी, किल्ल्या करणारा, आणि त्याच्या समोर काचेच्या दाराचं छोटं दुकान. मी टपरीआड उभी राहिले. चपलावाल्यानं विचारलं, "काय तुटलंय?" मी म्हटलं, "अजून नाही तुटलं." तो बघतच राहिला.

काचेतून सगळं दिसत होतं. तीन बाजूंनी आरसे, मध्ये आमचे हे, पायात नुसते मोजे. अर्धवट झालेली तपकिरी पँट, एक पाय दुमडलेला. त्यांच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसलेली एक बाई. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या आणि खडू डाव्या हातात. ती टाचण्या काढून काहीतरी बोलली आणि उठली तेव्हा दिसलं, तीही ह्यांच्याएवढीच. उंचीला उंची. अंगात एकाच गडद रंगाचा पायघोळ पोशाख, कमरेशी पट्टा नाही, लहानसा गळा, केस वर बांधलेले. बुटकी बाई, पण बुटकी दिसत नव्हती. मला तिचा दुस्वास करायचा होता आणि माझे मेले डोळे तिच्या खांद्याची शिवण बघत होते. काय सफाई होती! दोघं आरशात शेजारी शेजारी दिसत होती. कुणी शिडी नाही, कुणी स्टूल नाही.

आणि हे हसत होते. खांदे सैल, पोट जरा सुटलेलं, हात मोकळे. घरात माप द्यायला उभे राहिले की हे श्वास रोखून, वर छताकडे बघत उभे राहतात. मला वाटायचं ह्यांना टेपच्या गुदगुल्या होतात. इथे मात्र एका परक्या बाईसमोर ऐसपैस उभे! मला इतकं वाईट वाटलं की मी विचारबिचार न करता रस्ता ओलांडला आणि दार ढकललं.

दारावरची घंटा वाजली. ह्यांनी समोरच्या आरशात मला पाहिलं.

आणि ह्यांच्या टाचा वर उचलल्या गेल्या.

मी तीन आरशांत ते तिन्ही बाजूंनी पाहिलं. हे काही मुद्दाम करत नव्हते. झोपेत कूस बदलावी तसं ते झालं. खांदे वर, हनुवटी वर, श्वास रोखलेला, आणि मोज्यातल्या टाचा जमिनीपासून दोन बोटं वर.

"अहो साहेब!" ती बाई म्हणाली. "परत? टाचा खाली! पहिल्या दिवसापासून हेच चाललंय. आज कुठे सरळ उभे राहायला लागला होतात." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बसा ना ताई, ह्यांचं झालंच."

मी बसले नाही. मी त्या टाचांकडे बघत होते. दोन बोटं. बुटांवर गोळा होणारी दोन बोटं. मी जमिनीपासून कमरेपर्यंत टेप धरायची, कमरेशी डोळे लावून आकडा वाचायची, आणि खाली जुन्या लांब पँटच्या आत ह्या टाचा अशा उचललेल्या असायच्या. पँट लांब म्हणून टाचा झाकलेल्या आणि टाचा उचललेल्या म्हणून पुढची पँटही लांब. दर वेळी. लग्नापासून.

"ही आमची मिसेस," हे कसंबसं म्हणाले.

"अगंबाई! तुम्हीच का त्या?" ती खूश झाली. "साहेब सारखं सांगतात, आमच्या घरी तुमच्याहून चांगला हात आहे, पण त्यांना कामातून सवड नसते. मी म्हटलं, मग मला कशाला त्रास देता?" आणि ती खळखळून हसली. तिच्या हसण्यात काही नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. तरी ती बाई हसते फार, हे मी आजही म्हणेन.

परत येताना आम्ही चालत आलो. ह्यांच्या काखेत पँटची पिशवी होती. कोपऱ्यावर वाहनं थांबायची वाट बघत उभे होतो तेव्हा हे म्हणाले, "हॉलमध्ये उभं राहायला लागलो त्या पहिल्याच दिवशी एक जण हसला. म्हणाला, काका, तुमच्या पँटनं फरशी पुसली जातेय. आतापर्यंत खिडकीमागे कुणाला दिसत नव्हतं."

"मग मला सांगायचंत. मी आखूड केली असती."

"तू परत माप घेतलं असतंस."

"घेतलं असतं. मग?"

"मग मला परत तसं उभं राहावं लागलं असतं." हे समोर बघत होते. "पूर्वी जमायचं. तुझं माप घेऊन होईपर्यंत तसा राहायचो. आता पोटऱ्यांत गोळे येतात."

"पण कशाला हो?" माझा आवाज चढला, शेजारचे दोघं वळून बघायला लागले. "मी बायको ना तुमची? मला काय तुमची उंची ठाऊक नाही?"

"तुला आहे," हे म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "तू मोठ्यानं बोलतेस."

"मी? कधी?"

"माप. चार जणी बसलेल्या असतात खोलीत."

वाहनं थांबली. आम्ही रस्ता ओलांडला. आकडा मोठ्यानं म्हणायचा म्हणजे डोक्यात बसतो. तो ह्यांच्याही डोक्यात बसत होता, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. रडू आलं ते मी पदराआड न लपवता रस्त्यातच येऊ दिलं. ह्यांनी पिशवी दुसऱ्या काखेत घेतली आणि माझ्या कोपराला धरलं, त्या हॉलमधल्या म्हाताऱ्याला धरलं होतं तसं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी कपाटातून ह्यांच्या सगळ्या जुन्या पँट काढल्या आणि त्यांच्या दुमडी उसवायला घेतल्या. माझीच तुरपाई, माझ्याच हातानं. दुपारी ह्यांना हाक मारली.

"अहो, ही काळी घालून या. माप घ्यायचंय."

हे दारात घुटमळले. "राहू दे ना. त्या करून देतील."

"त्या त्यांचं करतील. तुम्ही या."

हे काळी पँट घालून आले. दुमड उसवलेली, त्यामुळे पाऊल सगळं झाकलेलं. खोलीच्या मध्ये उभे राहिले, छताकडे बघत. आणि नेमकी तेव्हाच बातम्या आली. न विचारता आत आली आणि आपल्या नेहमीच्या जागी बसून म्हणाली, "काय, माप का? चालू दे, चालू दे."

ह्यांची हनुवटी आणखी वर गेली.

मी टेप गळ्यात घातली. मग टाचण्यांची डबी उघडली. टाचण्या तोंडात धरायच्या त्या माप झाल्यावर, दुमड टाचताना. मी मात्र माप घ्यायच्या आधीच एकेक टाचणी काढून ओठांत धरली, तोंड भरेपर्यंत. ह्यांनी छतावरची नजर खाली आणली आणि माझ्याकडे पाहिलं.

मग मी गुडघे टेकले. गुडघे कडकन वाजले. पँटची कड वर दुमडली. टाच वर होती, आणि पोटरी थरथरत होती. मी काही केलं नाही. टेपचं टोक हातात धरून तशीच बसून राहिले.

"किती गं?" बातम्यानं विचारलं. "किती भरलं?"

मी बोटानं तोंडातल्या टाचण्या दाखवल्या.

"अगं, आकडा तर सांग."

मी मान हलवली. मग माझ्या हाताशेजारी ह्यांची टाच हळूहळू खाली आली आणि जमिनीला टेकली. मागोमाग दुसरीही आली. मी टेप लावली, खडूनं खूण केली आणि तोंडातली पहिली टाचणी काढून टोचली.